पिष्टपेषण : शाळेतल्या एका पाठाचे वाचन

पाठ्यपुस्तकांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते बहुधा भाषेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांवर. कोणती कविता गाळली, कोणत्या राजाला किती ओळी मिळाल्या, यावर वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. विज्ञानाच्या पुस्तकाकडे मात्र आपण समीक्षेच्या नजरेने पाहत नाही. त्यात काय ते बरोबर किंवा चूक एवढेच असते, वाचण्यासारखे काही नसते, असा आपला समज आहे. या लेखात मी प्राथमिक शाळेतला विज्ञानाचा एकच पाठ एखादी कथा वाचावी तसा वाचणार आहे. अन्नातील पिष्ट आणि त्यापासून मिळणारी ऊर्जा, हा तो पाठ. मी तो अठ्ठावीस वर्षे शिकवला. त्यातली बरीच वर्षे चुकीचा शिकवला, आणि त्याची बोचणी या लेखामागे आहे हे आधीच सांगून टाकते.

पाठाचा साचा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पुस्तके बदलली, रंगीत झाली, चित्रे वाढली. साचा फारसा हलला नाही. आधी अन्नघटकांची नावे येतात. मग कृती येते : बटाट्याच्या कापावर आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका, रंग निळा-काळा झाला म्हणजे पिष्ट आहे. मग यादी येते : तांदूळ, गहू, ज्वारी, बटाटा, साखर, गूळ हे ऊर्जा देणारे, डाळी, दूध, अंडी हे शरीराची वाढ करणारे, फळे आणि पालेभाज्या हे रोगांपासून रक्षण करणारे. शेवटी स्वाध्याय, त्यात रिकाम्या जागा आणि जोड्या लावा.

आमची शाळा सह्याद्रीच्या पायथ्याला, भात-नाचणीच्या पट्ट्यात होती. पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलांना सांगितले होते, घरून जे असेल ते चिमूटभर आणा. भात आला, भाकरीचा तुकडा आला, बटाटा, पिकलेले केळे, साखर, गूळ, खोबरे आले. एका मुलीने भिजवलेली तुरीची डाळ आणली होती. बशांमधून सगळे मांडले आणि पाण्यात पातळ केलेले टिंक्चर आयोडीन थेंबथेंब टाकत गेलो. भात काळा झाला. भाकरी काळी झाली. बटाटा तर शाई सांडल्यासारखा. मुले खूश. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “बाई, माझी डाळ पण काळी झाली.”

मी म्हटले, भाताचा हात लागला असेल, धुऊन परत कर. तिने दुसरी डाळ धुतली, ठेचली, थेंब टाकला. पुन्हा काळी. मी जरा चिडूनच म्हणाले, “डाळ प्रथिनांची असते. वहीत तसं लिही.” तिने लिहिले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “बाई, साखर काळी का नाय झाली? ताकद तर साखरेनं येती ना?” उत्तर द्यायच्या आत खिचडीची घंटा झाली. घंटेने मला वाचवले असे तेव्हा वाटले होते.

ती मुलगी बरोबर होती. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, आणि निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो, त्यातही मुख्यतः पिष्टाचा. आयोडीन आपले काम चोख करत होते. मुलगाही बरोबर होता. साखरेत पिष्ट नाही म्हणून ती काळी होत नाही, पण तिच्यापासून अंगाला जे मिळते ते भातापासून मिळते तेच. दोघांनी जे पाहिले ते खरे होते आणि मी त्यांना जे लिहायला लावले ते पुस्तकाचे होते. विज्ञानाच्या तासाला मी त्या दिवशी एकच गोष्ट शिकवली : डोळ्यांना दिसले आणि बाईंनी सांगितले यांत फरक पडला, तर बाईंचे लिहावे.

दोष माझा होताच. त्याचे ओझे मी पुस्तकावर टाकणार नाही. तरी पाठाच्या रचनेतच अशी जागा आहे की जिथे शिक्षक घसरतो, आणि ती जागा दाखवणे हे समीक्षेचे काम आहे.

कृती एक प्रश्न विचारते : या पदार्थात काय आहे? यादी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते : हा पदार्थ कशासाठी आहे? कृतीत रंग दिसतो, यादीत ऊर्जा सांगितली जाते, आणि दोहोंच्या मध्ये ‘म्हणून’ असल्यासारखे वाचले जाते. प्रत्यक्षात मध्ये काहीच नाही. निळा-काळा रंग ऊर्जेचा पुरावा नव्हे. तूप आणि तेल काळे होत नाहीत, आणि ग्रॅमला ग्रॅम पाहिले तर भाताच्या दुपटीहून जास्त उष्मांक त्यांतच असतात : कर्बोदकांपासून आणि प्रथिनांपासून ग्रॅममागे सुमारे ४, स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९. शिवाय यादीचे तीन कप्पे एकमेकांत मिसळत नाहीत असे मूल समजते. निसर्गात डाळ एकाच वेळी दोन कप्प्यांत बसते आणि शेंगदाणाही तसाच. कप्पे सोयीसाठी पाडलेले असतात, हे वाक्य पाठात कुठेही नसते. एवढे एक वाक्य असते, तर त्या मुलीची डाळ वाचली असती.

आता शब्दांकडे वळते. ‘पिष्ट’ हा शब्द संस्कृतातल्या ‘पिष्’ म्हणजे दळणे या धातूपासून आला. आपले ‘पीठ’ त्याचेच घरगुती रूप. म्हणजे पिष्टमय म्हणजे पिठाळ. हा शब्द मुलाच्या घरातला आहे, पण पुस्तकात तो सोवळे नेसून येतो आणि ओळख देत नाही. त्यातून आमच्या वेळच्या मराठी पुस्तकांत ‘पिष्टमय पदार्थ’ हे नाव कर्बोदकांच्या सगळ्या कुळाला सर्रास दिले जाई. साखर पिष्टमय म्हणून लिहिलेली आणि आयोडीनला दाद न देणारी! मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न परिभाषेच्या या गोंधळातून निघाला होता. कुळाचे नाव कर्बोदके आणि त्यातले एक घर पिष्टाचे, असे आता नीट लिहिले जाते, ही सुधारणा मोठी आहे.

‘कर्बोदक’ हा शब्द तर मला आता फार आवडतो. कर्ब आणि उदक. तो इंग्रजी शब्दाचाच भाग-भाग पाडून घडवला, तरी आपल्याकडे तो जास्त बोलका आहे, कारण दोन्ही तुकडे मराठी वाचकाला ऐकू येतात. पळीत चमचाभर साखर घेऊन विस्तवावर धरली, तर ती वितळते, तांबूस होते, वाफ सोडते आणि शेवटी काळा कोळसा उरतो. वर थंड ताटली धरली तर तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात. उदक ताटलीवर, कर्ब पळीत. शब्दच प्रयोग सांगतो. तव्यावर करपलेली भाकरी रोज तेच सांगते. एवढा शब्द हाताशी असून आम्ही मुलांकडून त्याची फक्त व्याख्या पाठ करून घेतली.

पिष्टाच्या बाबतीत तर मराठी स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा आहे. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, पिळून, गाळून रात्रभर ठेवतात. सकाळी वर निवळी असते आणि खाली पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. तो चीक म्हणजे बहुतांशी पिष्ट. गाळणीत राहिलेल्या चोथ्यात कोंडा आणि गव्हातली चिवट प्रथिने अडकतात, आणि त्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. आजी जे करते ते अन्नघटक वेगळे करणेच आहे. नाचणीचे सत्त्व असेच निघते. तवकीर आणि साबुदाणा हेही कंदांतून काढलेले पिष्टच, आणि सुती साडीला घालायची खळ त्याचीच. भाताची पेज तापातून उठलेल्या माणसाला देतात, आणि तीच पेज गार झाल्यावर का घट्ट होते हा प्रश्न पाचवीच्या मुलाला पडण्यासारखा आहे. यातले काहीही मी शिकवलेल्या पाठात नव्हते. तिथे बटाट्याचा काप होता, कारण बटाटा जगभरच्या पुस्तकांत असतो.

आयोडीनची गोष्टही पाठ सांगत नाही, आणि ती सांगण्यासारखी आहे. बर्नार कुर्तुआ हा फ्रान्समधला सोऱ्याचा कारखानदार. समुद्री शेवाळाच्या राखेपासून क्षार काढताना १८११ साली त्याला जांभळी वाफ दिसली. हे आयोडीन. तीनच वर्षांनी, १८१४ मध्ये, आयोडीनने पिष्टाला निळा रंग येतो याची नोंद झाली. पिष्टातल्या एका प्रकारच्या लांब साखळ्या मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसते, म्हणून तो रंग. साखळी तुटली की रंग जातो. केळे पिकताना त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, म्हणून कच्चे केळे काळे होते आणि पिकलेले जेमतेम. एकाच घडातली दोन केळी शेजारी ठेवली की अन्न बदलते हे मुलाला दिसते. पाठात अन्न कधी बदलत नाही. यादीत जिथे लिहिले तिथे ते कायमचे असते.

तोंडातही असेच बदलते. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोडसर लागू लागतो, कारण लाळ पिष्टाच्या साखळ्या तोडू लागते. एनसीईआरटीच्या २००८ सालच्या पाचवीच्या पर्यावरण अभ्यासाच्या पुस्तकात चाखण्यापासून पचनापर्यंतचा एक पाठ आहे. त्यात मुलांना घास आधी तीन-चारदा आणि मग तीस-बत्तीसदा चावून चव ताडून पाहायला सांगितले आहे. आयोडीन लागत नाही, बशी लागत नाही. तोच पाठ पुढे ओडिशातल्या कालाहंडीपर्यंत जातो आणि जिथे भात इतका पिकतो तिथली माणसे उपाशी का, असे विचारतो. पचनाच्या पाठात भुकेचा प्रश्न येणे मला तेव्हा नवल वाटले होते. आता वाटते, तो न येणेच नवलाचे. त्याआधी, १९७२ पासून, मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीच्या मुलांना स्वतः करून पाहून निष्कर्ष काढायला लावले होते. तो २००२ साली सरकारने बंद केला. करून पाहणाऱ्या मुलांची डाळ काळी होते, आणि काळ्या डाळीला उत्तर देणे व्यवस्थेला जड जाते. तो बंद होण्याची कारणे याहून अधिक असतील, पण माझ्या वर्गापुरते तरी हे खरे होते.

आता ऊर्जा. पाठातला हा सर्वांत मोठा शब्द आणि सर्वांत पोकळही. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६६ साली अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षकांसमोर एक भाषण केले होते. पहिलीच्या एका पुस्तकात चावीचा खेळण्यातला कुत्रा, खरा कुत्रा आणि मोटारसायकल यांची चित्रे होती. प्रत्येक चित्रासाठी प्रश्न एकच : हे कशामुळे चालते? आणि उत्तर : ऊर्जेमुळे. फाइनमनचे म्हणणे असे की, या उत्तराने मूल एक शब्द शिकते, दुसरे काही शिकत नाही. ‘ऊर्जेमुळे’च्या जागी ‘देवामुळे’ घातले तरी वाक्य तेवढेच चालते. त्याने एक कसोटी सांगितली : नवा शब्द न वापरता तेच आपल्या भाषेत सांगून पाहा.

ही कसोटी मी आपल्या पाठाला लावून पाहिली. ‘भातापासून ऊर्जा मिळते’ यातून ऊर्जा काढली तर काय उरते? भात खाल्ला की चालवते, पळवते, अंग गरम राहते; नाही खाल्ला तर गळाठा येतो. हे मुलाला आधीच माहीत आहे. त्याच्या बोलीत त्यासाठी शब्दांची रेलचेल आहे : ताकद, दम, जोर, तरतरी, त्राण. पाठ हे सगळे शब्द बाजूला सारतो आणि त्यांच्या जागी एक शब्द ठेवतो, पण त्या शब्दाने नवे काय कळले ते सांगत नाही. नवे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ताकद वाटणे आणि उष्मांक असणे एक नव्हे, हे पहिले. पाणी प्यायल्यावर तरतरी येते, पण पाण्यात उष्मांक शून्य.

दुसरे आणि जास्त महत्त्वाचे असे की, अन्न एकटे काही देत नाही. सुईला शेंगदाणा टोचून पेटवला आणि वर परीक्षानळीत पाणी धरले, तर पाणी तापते. त्या जळत्या दाण्यावर पेला उपडा घातला की तो विझतो. हवा हवीच. शरीरातही अन्नाला प्राणवायूची जोड मिळते तेव्हाच काम होते, फक्त ज्वाळा नसते. पळाले की धाप लागते ती याचसाठी. आमच्या पुस्तकात मात्र अन्नाचा पाठ एकीकडे होता आणि श्वसनाचा पाठ दुसरीकडे, सहामाहीच्या पलीकडे. दोन्ही पाठांत ऊर्जा हा शब्द होता, आणि दोन्हींची भेट कधी झाली नाही. कादंबरीत दोन प्रकरणांतली पात्रे एकमेकांना ओळखत नसतील, तर आपण लेखकाला जाब विचारतो.

फाइनमनने त्याच भाषणात आपल्या वडिलांची आठवण काढली होती. वडील म्हणाले असते, हा कुत्रा चालतो कारण सूर्य तळपतो. मूल हुज्जत घालणार, मग उलगडत जायचे : चावी मी दिली, मी जेवलो होतो, जेवण उन्हावर पिकले. आयोडीन इथेही उपयोगी पडते. युलियस साक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात दाखवले की उन्हात राहिलेल्या पानात पिष्ट तयार होते आणि झाकलेल्या भागात होत नाही. पान झाकायचे, मग त्यातला हिरवा रंग काढायचा, आयोडीन टाकायचे : उन्हाचा ठसा काळ्या शाईत उमटतो. भाताच्या शेतातले ऊन, दाण्यातले पिष्ट आणि मुलाचे पळणे यांतला दुवा एका पानावर दिसू शकतो. तो प्रयोग वरच्या वर्गात आहे, आणि तिथे त्याचे नाव प्रकाशसंश्लेषण. तोवर भाताचा पाठ विसरलेला असतो.

कुणी म्हणेल, एवढे सगळे प्राथमिकच्या मुलाला कशाला? पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुले, एक बाटली आयोडीन. आक्षेप खरा आहे. मी त्यातूनच गेले आहे. पण मी जास्त मागत नाही, कमी मागते आहे. ऊर्जा हा शब्द त्या वयाला जड असेल, तर तो दोन वर्षे थांबू द्या. कप्प्यांची यादी अर्धी करा. काय काळे झाले आणि काय नाही, एवढेच मुलांना लिहू द्या, आणि ‘असे का?’ या प्रश्नापाशी वही उघडी राहू द्या. अर्धवट उत्तराने प्रश्न बंद होतो, याची भीती मला जास्त वाटते.

याला व्यवहाराची बाजूही आहे. खिचडीची घंटा झाली की ज्या ताटापाशी मूल बसते, त्या ताटाचा हिशेब सरकारदरबारी लिहिलेला असतो : शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० उष्मांक, २० ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३५० उष्मांक येतात. उरलेले डाळ आणि तेल यांतून यायचे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १७०० उष्मांकांची. हे गणित चौथी-पाचवीच्या मुलाला जमते. त्याने ते केले, तर डाळ पातळ झाली म्हणजे काय कमी झाले, हे त्याला आकड्यात सांगता येईल. पाठ त्याला ‘ऊर्जा’ देतो, उष्मांक मोजायला देत नाही. मोजता येणारा माणूस विचारू लागतो. ज्या मुलीला मी काळी डाळ खोडायला लावली, तिला पुढे रेशनच्या दुकानात किंवा अंगणवाडीत काही विचारावेसे वाटले असेल का, हा प्रश्न मला म्हणून छळतो.

दिवाळी अंकात हे लिहिताना एक योगायोग सांगते. वैदिक कालगणनेत महिन्यांना जी जुनी नावे होती, त्यांत शरदातल्या दोन महिन्यांची नावे इष आणि ऊर्ज. इष म्हणजे आपला आश्विन, ऊर्ज म्हणजे कार्तिक. इष् म्हणजे अन्न, ऊर्ज् म्हणजे त्या अन्नातला कस, बळ देणारा रस. पीक घरात येण्याच्या दिवसांना लोकांनी ही नावे दिली. अमावास्येचे लक्ष्मीपूजन इषाच्या शेवटच्या दिवशी आणि पाडवा ऊर्जाच्या पहिल्या दिवशी : आपली दिवाळी अन्न आणि ऊर्जा यांच्या सांध्यावरच बसली आहे. पुरातनात सगळे विज्ञान होते असे सुचवण्याचा माझा हेतू नाही; उष्मांक कुणी मोजले नव्हते. पण ऊर्जा हा शब्द अन्नाच्या शेजारी जन्मला, भूक, पीक आणि हंगाम यांच्या सोबतीत. पुस्तकाने तो रिकाम्या जागेत नेऊन बसवला.

पिष्टपेषण म्हणजे दळलेलेच पुन्हा दळणे. आपण हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या तसाच दळत आलो. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी मी तो शेवटचा शिकवला. मुद्दाम तुरीची डाळ घरून नेली आणि पहिला थेंब तिच्यावरच टाकला. डाळ काळी झाली. एक मुलगा पुस्तक उघडून म्हणाला, “बाई, इथं तर वेगळंच लिहिलंय.” मी म्हटले, “वहीत दोन्ही लिही. पुस्तकात काय आहे ते, आणि तुला काय दिसलं ते.” त्या तासाला आम्ही पुढे सरकलो नाही. धडा अपुरा राहिला, आणि अठ्ठावीस वर्षांत तो मला पहिल्यांदा शिकवल्यासारखा वाटला.